घरी म्हैस, तरी दुधाचा रतीब?

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातलं एक खेडं. पत्र लिहिणारे ३१ वर्षांचे, पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतात. महिन्यातले तीन आठवडे गावातून काम, एक आठवडा पुण्यात मित्रांच्या खोलीवर. मागच्या दिवाळीत बोनसमध्ये साठवलेल्या पैशांची भर घालून त्यांनी नागपूरहून सुटे भाग आणले आणि गेमिंग कॉम्प्युटर जुळवला: आरटीएक्स ४०७० सुपर ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, १६५ हर्ट्झचा मॉनिटर. खर्च दीड लाखाच्या आसपास. वडील कापूस-तूर करणारे. त्यांच्या लेखी हा "दीड लाखाचा डबा". अलीकडे पुण्यातल्या मित्राने साध्या लॅपटॉपवर क्लाउडवरून मोठमोठे गेम चालवून दाखवले आणि यांचं मन उडालं. त्यात उन्हाळ्यात खोली तापते, संध्याकाळी वीज जाते, आणि अमरावतीला शिकणारा धाकटा भाऊ सुटीत आला की एका मशीनवर दोघांची ओढाताण होते. ते विचारतात, "इतकं दणकट मशीन असताना क्लाउड घेण्यात अर्थ आहे का? की मी मूर्खपणा केला, आणि आता डबा विकून क्लाउडच घ्यावं?"

भाऊ,

आमच्या शेजारी एकांकडे म्हैस आहे, आणि तरी वर्षातले दोन-तीन महिने त्यांच्याकडे बाहेरून दूध येतं. त्यांना कुणी हसत नाही. म्हैस आटली की रतीब लावावा लागतो, हे गावात सगळ्यांना कळतं. म्हैस विकायचा विचार मात्र त्यांच्या मनातही येत नाही.

तुमच्या प्रश्नाकडे मी असंच बघतो. तुम्ही विचारलंय की मशीन चांगलं की क्लाउड. मी विचारीन, तुमचं मशीन वर्षातून कधी कधी आटतं? आणि त्या दिवसांत गवळी तुमच्या दारापर्यंत पोचतो का? यातला दुसरा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही. मित्राने लॅपटॉप दाखवला तो पुण्यात, पुण्याच्या फायबरवर. तेच दृश्य तुम्ही मनातल्या मनात उचलून गावातल्या खोलीत आणून ठेवलंत. गडबड तिथेच झाली आहे.

क्लाउडवर गेम चालतो म्हणजे होतं काय, ते तुम्हाला माहीत आहे, पण हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांना नसेल. गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, त्याचं चित्र व्हिडिओसारखं तुमच्याकडे येतं, आणि तुम्ही दाबलेलं बटण उलट्या वाटेने सर्व्हरकडे जातं. सिनेमा बघताना पुढचा भाग आधीच उतरवून ठेवता येतो, म्हणून लाइन दोन सेकंद अडखळली तरी कळत नाही. गेममध्ये पुढचा भाग अजून घडलेलाच नसतो, कारण तो तुमच्या बोटावर ठरतो. साठवून ठेवायला काही नाही. म्हणून "माझ्याकडे यूट्यूब फोर-केमध्ये चालतं" यावरून इथे काहीच सिद्ध होत नाही.

आता अंतर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत असेल तर तुमच्या गावापासून जाऊन-येऊन, वाट थोडी वाकडी धरली तरी, १० मिलिसेकंदांच्या आसपास निव्वळ प्रवास. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची, म्हणजे हे चालून जातं. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईहूनच ते ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सरळ रेषेतसुद्धा जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद, आणि तारा काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या सेवेचे सर्व्हर भारतात आहेत का, एवढं बघाच. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग नोव्हेंबर २०२५मध्ये भारतात सुरू केलं, त्याआधी आपल्याकडचे लोक आडवाटेने परदेशी सर्व्हर वापरून "क्लाउड बेकार आहे" म्हणत होते. त्यांचा अनुभव खोटा नव्हता, पण तो अंतराचा अनुभव होता.

पण खरं सांगू का, आपल्याकडे अंतरापेक्षा शेवटचे दोन किलोमीटर जास्त छळतात. तालुक्यापर्यंत फायबर चांगलं असतं. पुढे कुणाच्या बांधावरून, कुणाच्या निंबाच्या फांदीवरून, कुठे विजेच्या खांबाला बांधून तार येते. रस्त्याचं काम निघालं, जेसीबी आला, तार तुटली. पावसाळ्यात एकदा माझी लाइन चार दिवस बंद होती. ऑपरेटर रोज सकाळी म्हणायचा, "पोट्टा निघाला आहे." पोट्टा निघालेलाच राहिला.

म्हणून आधी मोजा. स्पीड टेस्टचा मोठा आकडा बघून हुरळू नका, तो एका क्षणाचा असतो. रात्री आठ ते दहा, गावातलं प्रत्येक घर मोबाइल आणि टीव्हीवर असतं तेव्हा, मशीन केबलने राउटरला जोडा आणि पंधरा मिनिटं सलग पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजणारी चाचणी, चालू ठेवा. सरासरी किती ते दुय्यम. कमी-जास्त किती होतं ते बघा. सतत ४५ मिलिसेकंद असेल तर हात त्याला सरावतो. २५, मग ३०, मग अचानक १८०, असं होत असेल तर त्यावर गाडीचा गेमसुद्धा नीट खेळता येणार नाही. आणि माहितीच्या शंभर पाकिटांतली एक-दोन वाटेत हरवत असतील तर चित्र फाटतं. हे आठवडाभर करा, वहीत लिहून ठेवा. एक प्रयोग आणखी: मोजत असताना घरातल्या कुणाला तरी मोबाइलवरून मोठा व्हिडिओ पाठवायला सांगा. तेवढ्याने पिंग दुप्पट-तिप्पट झाला तर तुमचा राउटर गर्दी सांभाळत नाही, आणि दोष क्लाउडचा नाही. डिश लावून हवेतून येणारं इंटरनेट असेल तर हा चढउतार जास्त दिसेल.

१०८० पिक्सेल, ६० फ्रेमसाठी सेकंदाला २५ मेगाबिट धरले तर तासाला ११ जीबीच्या थोडं वर जातात. फायबरच्या मोठ्या प्लॅनमध्ये ते खपून जातं. मोबाइलच्या रोज २ जीबीच्या पॅकमध्ये जेमतेम दहा मिनिटं. "फायबर बंद पडलं तर हॉटस्पॉट आहेच" असं तुम्ही लिहिलंय, ते या हिशेबाने मनातून काढून टाका.

एक गोष्ट मात्र लोक उलटी धरतात. "आमची लाइन मंद, दीडशे जीबीचा गेम कोण उतरवणार, त्यापेक्षा क्लाउड बरा." असं नाही हो. मंद लाइनला डाउनलोडच मानवतं. बॉल्डर्स गेट ३ या गेमला १५० जीबी जागा लागते. १० मेगाबिटच्या लाइनवर तेवढं उतरायला ३३ तास. रात्री लावा, सकाळी शेतावर जा, संध्याकाळी परत लावा, मधे लाइन चार वेळा गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. तीच १० मेगाबिटची लाइन क्लाउडला नीट पुरणार नाही, आणि मधे तुटलेली तर अजिबात चालणार नाही. मंद पण कधीतरी येणारी लाइन म्हणजे टाकं भरून ठेवायची लाइन. तुमच्या मशीनमध्ये ते टाकं आहे. मित्राच्या लॅपटॉपमध्ये नाही.

आता चित्राबद्दल. तुम्ही १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर घेतलाय. कार्डातून थेट आलेलं चित्र आणि दाबून, व्हिडिओ करून आलेलं चित्र यातला फरक साध्या लॅपटॉपवर झाकला जातो. तुमच्या मॉनिटरवर तो डोळ्यात भरेल. अंधाऱ्या गुहेत चौकोनी ठिपके, वाऱ्याने हलणाऱ्या गवतात गढूळपणा. चालीवर चाल खेळायच्या गेममध्ये याचं काही वाटत नाही. गोळीबाराच्या स्पर्धेत, रँक वाढवायची हौस असेल तर, क्लाउड विसरा. शिवाय मॉड, म्हणजे गेममध्ये हौशी लोकांनी केलेले फेरफार. तुम्ही तीस-तीस मॉड घालून खेळता असं लिहिलंय. दुसऱ्याच्या सर्व्हरवर तुमची तेवढी मनमानी चालत नाही.

आणि गवळ्याची खात्री. ऑनलाइव्ह नावाची सेवा २०१०मध्ये आली, २०१५मध्ये मिटली. गूगलने नोव्हेंबर २०१९मध्ये स्टेडिया काढलं आणि १८ जानेवारी २०२३ला बंद केलं. गेम विकत घेतलेल्यांचे पैसे गूगलने परत दिले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं, पण खेळ मोडला तो मोडलाच. एनव्हिडियाचं जीफोर्स नाऊ फेब्रुवारी २०२०मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि त्याच महिन्यात अॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड व बेथेस्डा या गेम काढणाऱ्या कंपन्यांनी आपले गेम तिथून काढून घेतले. ज्यांनी ते गेम स्वतः विकत घेतले होते त्यांनाही तिथे खेळता येईनात. अॅक्टिव्हिजनचे काही गेम पुढे परतले, पण मधली वर्षं गेलीच. पैसे भरणाऱ्यांनाही जीफोर्स नाऊवर आता महिन्याला १०० तासांची मर्यादा आहे. तुम्हाला ती पुरेल. सुटीतल्या धाकट्या भावाचं मी काही सांगू शकत नाही.

मग तुमच्यासारख्या दणकट मशीनवाल्याला क्लाउडचा उपयोगच नाही का? आहे. मशीन आटतं तेव्हा.

पुण्याचा आठवडा घ्या. मशीन गावात, तुम्ही तिथे, हाताशी ऑफिसचा लॅपटॉप. (त्यावर गेमचं काही टाकण्याआधी कंपनीचे नियम वाचा. नोकरी डब्यापेक्षा महाग आहे. स्वतःचा जुना लॅपटॉप असेल तर तो न्या.) पुण्याची लाइन चांगली, सर्व्हर जवळ. इथे क्लाउड शोभतो. पण एका आठवड्यासाठी महिन्याचे पैसे का भरायचे, हे स्वतःला विचारा. फुकट किंवा दिवसापुरता पर्याय मिळतो का बघा, नाहीतर कामाची गर्दी नसलेल्या महिन्यातच भरा.

त्याआधी आणखी एक वाट आहे, आणि तिचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही याचं मला नवल वाटलं, कारण तुम्ही सॉफ्टवेअरवाले. तुमचं मशीन हाच तुमचा सर्व्हर होऊ शकतो. मशीनवर चित्र पाठवणारं सनशाइन, लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर ते दाखवणारं मूनलाइट, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. गेमचं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमचं रिमोट प्ले तर आधीच तुमच्याकडे आहे. गावातल्या कनेक्शनला स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, बहुधा नसेल, तेव्हा दोन मशीन खाजगी वाटेने जोडणारं टेलस्केलसारखं काहीतरी मधे घालावं लागेल. तुमच्याकडून चित्र बाहेर जाणार, म्हणजे आता तुमचा अपलोड वेग मोजायचा. फायबरला तो बरा असतो, हवेतल्या इंटरनेटला बऱ्याचदा कमी.

यात अडचण तंत्राची नाही, डीपीची, म्हणजे गावाच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरची आहे. तुम्ही पुण्यात रात्री नऊला बसलात आणि गावात वीज गेली तर मशीन झोपलं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आली की आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करा. नाहीतर आईला फोन करून "ते गोल बटण दाब, नाही, ते नाही, वरचं" असं सांगत बसाल आणि शेजारून वडिलांचा आवाज ऐकू येईल. आणि मे महिन्यात बंद खोलीत, घरात कुणी लक्ष देणारं नसताना, ते मशीन दूरवरून सुरू करू नका. त्या महिन्यात क्लाउडच बरा.

उन्हाळ्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण खेड्यातल्या बऱ्याच वाचकांची हीच तक्रार असते. पुण्या-मुंबईचे लोक मशीनच्या तापमानाचे जे आकडे सांगतात ते २५-२७ अंशांच्या खोलीतले असतात. आपल्याकडे बाहेर ४५ आणि टिनाखालच्या खोलीत ४० सहज. खोली १३-१५ अंशांनी जास्त तापली की कार्डही साधारण तेवढंच जास्त तापतं. पंखे किंचाळतात, कार्ड स्वतःला सावरण्यासाठी वेग कमी करतं, आणि तुम्हाला वाटतं पैसे वाया गेले. तुमच्या कार्डाची ठरलेली मर्यादा २२० वॉटची. उन्हाळ्यापुरती ती ७०-७५ टक्क्यांवर आणा आणि फ्रेम ६०वर बांधून टाका. खेळताना फरक फारसा जाणवत नाही, उष्णता मात्र बरीच उतरते. कूलर मशीनच्या तोंडावर सोडू नका. ती हवा ओली असते. आणि कापूस घरात येतो त्या दिवसांत पंख्यांच्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. धुळीपेक्षा रुईचे तंतू वाईट. ते जाळीवर गादी घालतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

वीज जाते तेव्हा? तुमचा इन्व्हर्टर एका १५० एएचच्या बॅटरीचा आहे. खेळताना मशीन आणि मॉनिटर मिळून ४०० वॉटच्या पुढे खेचतात, त्यावर पंखे-दिवे. दोन-अडीच तासांत घर अंधारात. लॅपटॉप आणि राउटर मिळून ६०-७० वॉट. म्हणजे वीज गेल्यावर क्लाउड हा खरंच उपाय आहे, पण एका अटीवर: गावाची वीज गेली तरी इंटरनेट चालू राहायला ऑपरेटरच्या डब्यात बॅटरी हवी. बऱ्याच गावांत वीज गेली की पाचव्या मिनिटाला इंटरनेटही जातं. हे तुम्हाला मोजून बघावं लागणार नाही, आठवूनच सांगता येईल. आणि इन्व्हर्टर साध्या स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगल्या प्रतीच्या पॉवर सप्लायला तो मानवेलच असं नाही. प्युअर साइन वेव्ह हवा. घराचं अर्थिंगही एकदा तपासून घ्या, दीड लाखाचं सामान त्यावर टेकलं आहे.

भावाचा प्रश्न तुलनेने सोपा. स्टीम फॅमिली या गेम वाटून घेण्याच्या सोयीत एकाच घरातले दोघे एकाच वेळी वेगवेगळे गेम खेळू शकतात. तुमच्याकडचे गेम क्लाउडवरही मिळत असतील तर सुटीच्या महिन्यापुरता रतीब लावा. तो लॅपटॉपवर, तुम्ही मशीनवर. महिना संपला की बंद करा, पैसे आपोआप कापले जात नाहीत ना ते बघा. जुन्या घराच्या दोन-दोन फूट मातीच्या भिंतींतून वायफाय जात नाही, तेव्हा बैठकीपर्यंत एक केबल ओढलीत तर दोघांचंही भलं.

विकण्याबद्दल मी स्पष्टच लिहितो: विकू नका. जुन्या मशीनचा भाव पडून मागतात हे एक. दुसरं, २०२५च्या शेवटी रॅमचे भाव जे चढले ते पाहता, उद्या मन बदललं तर हेच मशीन याच पैशांत परत उभं राहणार नाही. आणि तिसरं, विकून तुम्ही त्या दोन किलोमीटरच्या तारेच्या हवाली होणार. आज इंटरनेट गेलं तरी उतरवून ठेवलेले बरेच गेम तुम्हाला खेळता येतात. उद्या तेही नाही.

पण ज्यांच्याकडे अजून मशीन नाही, त्यांना मी हेच सांगणार नाही. वर्ध्याला, अकोल्याला, तालुक्याच्या गावी चांगलं फायबर असेल आणि महिन्याला दहा-पंधरा तास खेळायचं असेल, तर आधी महिनाभर क्लाउड लावून बघा, मग दीड लाखाचा विचार करा. तुम्ही उलट क्रमाने आलात, एवढंच. तो मूर्खपणा नव्हे. ज्या दिवाळीत तुम्ही मशीन घेतलं तेव्हाची तुमच्या गावची लाइन आठवा.

राहिले वडील. त्यांना गेमिंग शब्दाची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय, "सरकारने ऑनलाइन गेम बंद केले ना?" असंही ते म्हणाले. ऑगस्ट २०२५चा केंद्राचा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. तुमचे गेम त्यात येत नाहीत. हे त्यांना शांतपणे एकदा सांगा, कारण गावात त्या पैशांच्या खेळांत बुडालेली पोरं त्यांनी पाहिली असणार आणि त्यांची धास्ती उगाच नाही. क्लाउड घेतल्याने त्यांचं मत बदलणार नाही. त्यांच्या हिशेबात मग डबाही आहे आणि वर महिन्याचा खर्चही. रतीब लावायचाच ठरला तर म्हशीची गोष्ट सांगून बघा, त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली समजेल.

आणि येत्या आठवड्यात रात्री पिंग मोजायला बसाल तेव्हा वहीत एक रकाना वाढवा: वीज किती वाजता गेली, किती वाजता आली. तो रकाना भरला की मला परत लिहा. मी म्हणतो ते चुकलंय असं दिसलं तर तेही याच सदरात छापू.